न सापडलेल्या कणांचा शोध



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, आणि तिचे लोण गावोगाव पोचले. दिवसभर ऊन अंगावर घ्यावयाचे आणि संध्याकाळी वारा सुटला की सतरंजीवर बसून कोणातरी पाहुण्याचे बोलणे ऐकावयाचे, हा आपल्याकडचा उन्हाळ्याचा एक सुखाचा भाग आहे. त्या सुखात आज मी भौतिकशास्त्राचा खडा टाकणार आहे, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

ज्यांच्या घरी मी आज उतरलो आहे, त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दुपारी जेवताना मला विचारले, "गुरुजी, आज विषय काय?" मी म्हणालो, "जे कण अजून कोणालाच सापडलेले नाहीत, त्यांचा शोध." त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला आणि म्हणाले, "अहो, आहे ते शोधायला आम्हाला आयुष्य पुरत नाही, आणि तुमची माणसं नसलेलं शोधत बसलीत! आणि त्याला पैसा कोणाचा?" मी त्यांना म्हटले, याचे उत्तर संध्याकाळी देईन. ते पुढच्या रांगेत बसलेले आहेत. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे एका सरळ प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, असे समजावे.

प्रथम, सापडलेल्या कणांची शिरगणती करू. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत हे आता शाळेतील मुलेही सांगतात. अणूच्या मध्यभागी अणुगर्भ, भोवती इलेक्ट्रॉन. अणुगर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. त्यांच्या आत क्वार्क. इलेक्ट्रॉनचे दोन जड भाऊबंद आहेत, न्यूट्रिनो नावाचे तीन अत्यंत हलके आणि अलिप्त कण आहेत, क्वार्कांच्या सहा जाती आहेत, आणि या साऱ्यांमध्ये देवाणघेवाण करणारे प्रकाशकणासारखे काही कण आहेत. या कुटुंबातील सहावा क्वार्क, टॉप क्वार्क, १९९५ साली अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत सापडला. एकटा कण, पण वजनाने जवळजवळ सोन्याच्या अख्ख्या अणूइतका! तेथील दोन प्रयोगांपैकी 'डी-झीरो' या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी सहभागी होती. शेवटची जागा हिग्ज कणाची. तो ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने जाहीर केला. यादी पुरी झाली. मग आणखी शोधावयाचे ते काय?

तर, हिशेब जुळत नाही म्हणून. आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, टाटा संस्थेच्याच मंडळींनी उभारलेली महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथील शिवारांत उभ्या आहेत. अशा दुर्बिणींनी दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू किती वेगाने फिरतो हे मोजता येते. तो इतक्या वेगाने फिरतो, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या व वायूच्या ओढीने तो दीर्घिकेत टिकूच नये; केव्हाच उधळून जावा. तरी तो टिकतो. म्हणजे त्याला धरून ठेवणारे, न दिसणारे असे काही द्रव्य तेथे आहे. विश्वात हे कृष्णद्रव्य आपल्या परिचयाच्या द्रव्याच्या पाचपटींहून अधिक भरते, आणि आपल्या यादीतील एकही कण त्या जागी बसत नाही. यास्तव यादीबाहेरचे काहीतरी असले पाहिजे. त्या बाहेरच्या मंडळींना आपण आज 'अपरिचित कण' म्हणू.

ते कसे शोधावयाचे? आपल्यापैकी अनेकांना दौंड जंक्शन ठाऊक आहे. दोन्ही अंगांनी गाड्या येतात, आणि त्या एकमेकींवर आदळू नयेत यातच तेथल्या कामगारांचे सारे कौशल्य असते. जिनिव्हाच्या यंत्राचे कौशल्य नेमके उलट आहे. सत्तावीस किलोमीटर घेराचे, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल असे वर्तुळाकार भुयार आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी, प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने धावतात. एका सेकंदात अकरा हजारांहून अधिक फेऱ्या! त्यांना वळण लावणारी लोहचुंबके उणे २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावी लागतात. प्रत्येक झोतात प्रोटॉनचे पुंजके असतात, एकेका पुंजक्यात सुमारे दहा हजार कोटी प्रोटॉन. आणि ठरलेल्या चार ठिकाणी हे पुंजके समोरासमोर आणले जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन मडकी एकमेकांवर आपटली तर खापऱ्या मिळतात. प्रोटॉनच्या टकरीत तसे नाही. तेथे टकरीच्या ऊर्जेचे नव्या द्रव्यात रूपांतर होते. आइन्स्टाइनने सांगितलेला ऊर्जा आणि वस्तुमान यांचा संबंध तेथे प्रत्यक्ष घडतो. दोन मडकी आपटावी आणि त्यातून क्षणभर पितळेची घागर निघावी, असा तो प्रकार आहे. मात्र ही घागर एका निमिषाच्या अत्यल्प अंशातच फुटते, आणि आपल्या हाती येतात ते तिचे तुकडे. तुकड्यांवरून घागरीचे माप काढावयाचे, हे संशोधकाचे काम.

या यंत्रात आपल्या देशाचा हात आहे, आणि तो केवळ शोभेपुरता नाही. पंधरा मीटर लांबीची, तीस टनांहून अधिक वजनाची बाराशे बत्तीस मुख्य चुंबके तेथे आहेत. ती केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने जागेवर बसवावी लागतात. त्यांना खालून तोलून धरणारे सुमारे सात हजार जॅक भारतातील कारखान्यांनी बनवून पाठविले. रांजणगावच्या कारखान्यांतून काम करणारी मंडळी येथे असतील, त्यांना एवढे वजन आणि एवढी अचूकता एकत्र सांभाळणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. २०१७ पासून भारत हा सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

आता टकरी झाल्या. मोजावयाच्या कशा? पुंजके एका सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. त्यांत हिग्जसारखा कण निर्माण व्हावा हा योग अब्जावधी टकरींत एखाद-दुसऱ्या वेळीच येतो. सारे नोंदून ठेवावयाचे म्हटले तर जगातील वह्या पुरणार नाहीत. म्हणून शेतकरी खळ्यावर जे करतो तेच करतात. उफणणी! वाऱ्यावर धरून भुसा उडू द्यावयाचा आणि दाणे तेवढे खाली घ्यावयाचे. चार कोटींतून आधी सुमारे एक लाख निवडतात, ते अत्यंत जलद विद्युत्‌यंत्रांनी. त्या लाखातून संगणक काही हजार ठेवतो. बाकीचे कायमचे गेले. यात एक धोका आहे, आणि उफणणारा शेतकरी तो जाणतो. दाणा आपल्या ओळखीचा असेल तर बरोबर खाली पडतो. पण दाणाच अनोळखी असला, भुशासारखा हलका असला, तर? अपरिचित कणाचा शोध घेणाराला चाळणीची भोके कल्पनेने पाडावी लागतात. जो कण कोणी पाहिला नाही, तो दिसेल कसा हे आधी कोणीतरी बसून काढावे लागते.

पोलिस फरारी माणसाचा हुलिया जाहीर करतात ना? तसा न सापडलेल्या कणांचा हुलिया लिहिणे, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. आणि या शास्त्रात जगभर मान्यता पावलेले एक नाव आपल्या पुण्याचे आहे, ते म्हणजे डॉ. रोहिणी गोडबोले.

रोहिणीताईंचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. शिक्षण हुजूरपागेत. त्या काळी सातवीपर्यंतच्या मुलींना तेथे विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकविले जाई. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांना भौतिक, रसायन हे विषय निराळे बसून करावे लागले. पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी., आणि अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथे डॉक्टरेट. १९७९ साली त्या परत आल्या. टाटा संस्था, मग मुंबई विद्यापीठात अध्यापन, आणि १९९५ पासून बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक काम उदाहरणादाखल सांगतो. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण यांची टक्कर घडविणारी पुढील काळातील यंत्रे अत्यंत स्वच्छ असतील, त्यांत गोंगाट नसेल, असा समज होता. १९९१ साली मानुएल ड्रेस आणि रोहिणी गोडबोले यांनी दाखवून दिले की झोत फार दाट केले तर ते स्वतःच प्रकाशकण उधळतील, ते प्रकाशकण एकमेकांवर आदळतील, आणि त्यातून नको असलेल्या कणांचा कचरा उसळेल. बारीक आवाजात कोणी काही सांगत आहे, आणि शेजारी लग्नाची वाजंत्री सुरू झाली, अशी अवस्था! यंत्र बांधण्यापूर्वीच हा इशारा मिळाला, म्हणून पुढील आराखडे करताना तो ध्यानात घ्यावा लागला. हे काम 'ड्रेस-गोडबोले परिणाम' या नावाने ओळखले जाते.

पण त्यांच्या कामाचा मोठा भाग होता तो अतिसममितीच्या कणांविषयी. निसर्गात प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असावा, अशी ही कल्पना आहे. ती खरी असेल तर त्या जोडीदारांतील सर्वांत हलका कण टिकाऊ असू शकेल, आणि कदाचित तेच कृष्णद्रव्य असेल. या कणांचा हुलिया रोहिणीताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने लिहिला. ड्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासह त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथही सिद्ध केला.

आता प्रश्न असा, की हा टिकाऊ कण यंत्रात निर्माण झाला तरी तो दिसणार नाही. तो कशातूनही आरपार निघून जाईल. मग तो आला होता हे कळावे कसे?

आपल्या तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे आपण सर्वांनी पाहिले असतील. काळ्या पाषाणात रांजणाएवढे खोल, गुळगुळीत खळगे. ते कोरताना कोणी पाहिले नाही. परंतु पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी ते घासून काढले, हे आपण खुशाल सांगतो. कर्ता दिसला नाही तरी त्याची खूण दिसते. येथे मात्र खूण निराळीच आहे. ती आहे जमाखर्चातील तूट.

व्यापारी मंडळींना हे लगेच पटेल. टकरीपूर्वी झोतांना आडव्या दिशेने काहीच गती नसते. म्हणून टकरीनंतर जे काही एका बाजूला उडाले, त्याला तोलणारे दुसऱ्या बाजूला उडालेच पाहिजे. सर्व बाजूंची बेरीज शून्य. एखाद्या टकरीत डावीकडे भरपूर ऊर्जा दिसली आणि उजवीकडे काहीच नाही, तर उजवीकडून कोणीतरी न दिसता निघून गेले. १९३० साली पाउलीने असाच जमाखर्च न जुळल्यावरून न्यूट्रिनोची कल्पना मांडली, आणि १९५६ साली तो खरोखर सापडला. तेव्हा ही रीत भरवशाची आहे.

पण तूट नेहमी चोरामुळेच येते असे नाही. कित्येकदा तराजूच खोटा असतो. जिनिव्हाच्या 'सी.एम.एस.' या चौदा हजार टनांच्या शोधकयंत्रात ऊर्जा मोजणारे थर आहेत, आणि त्यांच्याबाहेर एक प्रचंड चुंबकवेटोळे आहे. काही कणांची ऊर्जा आतल्या थरांत पुरती मुरत नाही, ती वेटोळ्यापलीकडे निसटते. ती मोजली नाही तर हिशेबात खोटी तूट दिसेल, आणि संशोधक अपरिचित कण सापडला म्हणून नाचू लागतील! ही निसटती ऊर्जा पकडण्यासाठी वेटोळ्याबाहेर आणखी एक थर आहे. कण गेला की क्षणभर लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरश्यांचा. हा थर उभारण्याची जबाबदारी भारताने उचलली, आणि त्यात मुख्य वाटा मुंबईच्या टाटा संस्थेचा होता. म्हणजे त्या जगड्व्याळ दुकानातील तराजू खोटे बोलू नये, याची राखण करण्याचे काम कुलाब्याच्या मंडळींनी केले. मला स्वतःला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. शोध लावणाराचे नाव होते. तराजू खरा ठेवणाराचे होत नाही.

तराजू खरा असूनही माणूस फसू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये जिनिव्हाच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांत, प्रोटॉनच्या सुमारे आठशेपट वजनाच्या ठिकाणी, प्रकाशकणांच्या जोड्या थोड्या अधिक दिसल्या. जगभर खळबळ उडाली. त्या न सापडलेल्या कणाविषयी काही महिन्यांत शेकडो निबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक माहिती आली, आणि तो उंचवटा सपाट झाला. नाणे पाच वेळा उडविले आणि पाचही वेळा छापा पडला, तर नाणे खोटे ठरत नाही. शंभर वेळा उडवून पाहावे लागते. म्हणूनच या शास्त्रात नियम असा, की केवळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी कमी झाल्याखेरीज 'सापडला' हा शब्द उच्चारावयाचा नाही. शिवाय, जेथे कण असण्याचा संभव तेथील आकडे गणिताची पद्धत पक्की होईपर्यंत झाकून ठेवतात. कारण मनात जे आहे तेच माणसाला आकड्यांत दिसू लागते.

या कडक शिस्तीतून काही विलक्षण कण खरोखर पारही पडले. २००३ साली जपानमधील 'बेल' प्रयोगात असा एक कण मिळाला, की तो नेहमीच्या दोन किंवा तीन क्वार्कांच्या साच्यात नीट बसेना. २०१५ साली जिनिव्हात पाच क्वार्कांचा कण सापडला. तेव्हा शोध वांझ आहे असे कोणी म्हणू नये. परंतु हे झाले ज्ञात क्वार्कांचेच नवे संसार. कृष्णद्रव्याचा कण मात्र मिळालेला नाही. अतिसममितीचा एकही जोडीदार मिळालेला नाही. पाषाणच्या आयसर संस्थेतील संशोधक सी.एम.एस. मध्ये जड अपरिचित कणांचा शोध घेत आहेत; एकाच टकरीतून इलेक्ट्रॉनसारखे तीन-चार कण निघाले तर त्यांत काही नवे आहे काय, असे ते पाहतात. आतापर्यंतचे उत्तर आहे, नाही.

आता मी माझ्या यजमानांच्या प्रश्नापाशी येतो, आणि तो टाळणार नाही. रोहिणीताईंनी चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या कणांचा हुलिया लिहिला, त्यांपैकी अतिसममितीचा एकही कण त्यांच्या हयातीत सापडला नाही. मग ते आयुष्य वाया गेले काय?

उत्तरादाखल एक जुनी गोष्ट सांगतो. १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन आणि मॉर्ले या दोघांनी ईथर नावाच्या, सर्व अवकाश व्यापणाऱ्या पदार्थाचा वारा मोजावयाचे ठरविले. ईथर असलाच पाहिजे, याविषयी त्या काळी विद्वानांना शंका नव्हती. वारा सापडला नाही. तो प्रयोग फसला, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. आज आपण त्याला भौतिकशास्त्रातील अत्यंत मोलाच्या प्रयोगांपैकी एक मानतो, कारण १९०५ साली आइन्स्टाइनने ईथरची गरजच उरू दिली नाही. नीट शोधूनही न सापडणे हेही ज्ञान होय. मात्र 'नीट शोधून' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

आपल्या या कमी पावसाच्या भागात कोरडी विहीर म्हणजे काय, हे आपण जाणता. कोरड्या विहिरीचे कौतुक मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्यात घातलेला पैसा आणि घाम खरा असतो. परंतु येथे इतके हात खोल गेलो आणि पाणी नाही, असे ज्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्याने शेजाऱ्याचा खर्च वाचविला. अतिसममितीचे काही कण सरळसोप्या कल्पनांप्रमाणे असते, तर ते प्रोटॉनच्या दोन हजारपट वजनाच्या आत सापडले असते. ते तेथे नाहीत, हे आज आपण जाणतो. हुलिया इतका अचूक लिहिला गेला होता म्हणूनच 'येथे नाही' असे ठामपणे म्हणता येते. हुलियाच मोघम असता, तर 'आहे' असेही म्हणता आले नसते आणि 'नाही' असेही नाही. रोहिणीताईंच्या कामाचे मोल तेथे आहे, आणि कण सापडण्या-न सापडण्यावर ते अवलंबून नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. आपल्या मुलांच्या हातातील फोनवर जे विश्वव्यापी जाळे खेळते, त्याची कल्पना १९८९ साली याच सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मांडली. कणांना वेग देण्याच्या विद्येचा कर्करोगावरील किरणोपचारांत उपयोग होतो. हे सारे खरे आहे. पण केवळ तेवढ्यासाठी हा खर्च समर्थनीय आहे, असे मी म्हणणार नाही. जाळे हवे होते तर सरळ जाळेच विणता आले असते. खर्च किती करावा, यंत्र किती मोठे बांधावे, आधी शाळा की आधी चुंबके, हे विचारण्याचा हक्क सर्व करदात्यांना आहे, आणि शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर तुमच्या भाषेत, तुमच्यासमोर उभे राहून दिले पाहिजे. मी येथे आलो त्याचे कारण तेच. माझे उत्तर इतकेच, की दीर्घिकांच्या हिशेबातील तूट खरी आहे. ती कोणा संशोधकाने पोटासाठी रचलेली नाही; खोडदच्या तबकड्यांपासून जगातील सर्व मोठ्या दुर्बिणींपर्यंत सर्वांना ती दिसते. विश्वातील बहुतेक द्रव्य कशाचे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी स्वस्थ बसणे माणसाला साधत नाही. २०३० च्या सुमारास जिनिव्हाचे यंत्र अधिक दाट झोतांनिशी चालविण्याची योजना आहे. त्यात काही मिळेल की नाही, याची हमी मी देणार नाही. जो देईल, त्याच्यापासून सावध राहावे.

रोहिणीताईंनी राम रामस्वामी यांच्यासह भारतातील स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचा एक संग्रह २००८ साली संपादित केला. त्याला नाव दिले 'लीलावतीच्या कन्या'. येथे मागच्या बाजूला शाळेतील पुष्कळ मुली बसलेल्या मला दिसतात. त्यांपैकी एखादीला आज रात्री खळे, उफणणी आणि जमाखर्चातील तूट आठवली, आणि चाळणीला भोक कसले पाडावे असा प्रश्न पडला, तर आजची सभा कारणी लागली असे मी समजेन.

आणि पुढच्या रांगेतील माझ्या यजमानांना एवढेच सांगतो: आपण म्हणालात की तुमची माणसे नसलेले शोधतात. तसे नव्हे. काहीतरी आहे हे निश्चित आहे. ते काय आहे, एवढेच कळावयाचे बाकी आहे. त्यातून जे नाही ते एकेक करून बाजूला काढणे, हेच सध्या आमचे काम. उरलेला वाद आपण रात्री ओसरीवर बसून पुरा करू.